मिठागरातला ताटवा

८ फेब्रुवारी १९८८
कासू स्टेशनवर काळुराम बैलगाडी घेऊन हजर होता. कृषी सहायक म्हणून माझी ही पहिलीच नेमणूक. काळुराम आणि त्याची बायको पुतळी मिठागरात राबतात. त्यांच्या पडवीलगतची खोली मला मिळाली. जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. झकास! रोह्याला बायकोला, शांतीला, लगेच पत्र टाकलं, खोली हवेशीर आहे, लवकर ये.

१० फेब्रुवारी
मिठागरात गवताची काडी उगवत नाही, पण कडेच्या वाफ्यात गुडघाभर उंच ताटवा दिसला. काळुराम सांगतो, दिवाळीत आभाळातून जळता धोंडा पडला, त्याच जागी हे उगवलं. पानं हिरवी नाहीत. कातडी सोललेल्या मांसासारखी गुलाबी, बुळबुळीत, आणि हाताला चक्क गरम. वास सडक्या मासळीचा. पुतळीबाई बांधावरून ओरडल्या, "सायेब, हात नका लावू! ता झाड नाय!" मला हसू आलं. नमुन्यासाठी एक पान कापून बरणीत ठेवलं. पुवासारखा चीक डाव्या अंगठ्यावर ओघळला.

१३ फेब्रुवारी
अंगठ्याचं नख गळून पडलं. दुखलं नाही. खाली काहीतरी पांढरं, लिबलिबीत. पेणच्या डॉक्टरांनी मलम दिलं. परत येऊन पाहतो तर बरणीतलं पान दुप्पट झालेलं, आणि त्याच्या विळख्यात एक पाल. जिवंत होती. तिच्या डोळ्यांतून कोंब आले होते. शिसारी आली. बरणी जमिनीत पुरली.

१५ फेब्रुवारी
काळुरामने रॉकेल ओतून ताटवा पेटवला. धुराला मटण शिजल्यासारखा वास. माझ्या तोंडाला पाणी सुटलं! बांधामागे जाऊन भडाभडा ओकलो. ओकारीत पांढरे तंतू. वळवळत होते.

१७ फेब्रुवारी
ताटवा पुन्हा उगवलाय. माझ्या अंगठ्यावर दोन पानं. कोयत्याने अंगठा तोडला — रक्त नाही, नुसता चीक. पुतळीबाई उंबऱ्याबाहेर भाकरी ठेवतात आणि रडतात. मी त्यांना आत येऊ देत नाही.

१८ फेब्रुवारी
शांतीचं पत्र. उद्या सकाळच्या गाडीने येते आहे! काळुरामला दाराआडून बजावलं, तिला स्टेशनवरूनच परत पाठव. म्हणाला, "व्हय सायेब. पाय धरीन त्यांचे, पन हितं येऊ नाय देनार."

१९ फेब्रुवारी
कडी आतून घातली आहे. जीभ सुजून जाड झालीय. दातांना काहीतरी मऊ लागतं —
बाहेर गाडी थांबली.
शांतीचाच आवाज. काळुराम गयावया करतोय. ती ऐकत नाही. म्हणते, माझा माणूस आजारी आहे नि मी परत जाऊ?
जा, शांती, जा — ओरडायला तोंड उघडलं, तर आवाज नाही, पानंच —
ती दार ठोठावते आहे.
माझा डावा हात उठला. मी उठवला नाही. कडीकडे सरकतोय — उजव्याने धरतो, लिहिणं सोडून धर —

कडी नि