वहिनीने रंगवलेली भिंत

परभणी

प्रिय आईस,
लेकीचा मानाचा जयभीम.

फोनवर तू लगेच रडायला लागतेस, म्हणून लिहिते आहे. आम्ही इथे नीट आहोत. दादाला रोज काम मिळतं. बाळाचा खोकलाही जरा कमी आहे.

घरकुलाचं ऐकून घाबरू नकोस. आमची भाड्याची खोली किती ओली आहे, ते बघायला घरकुल योजनेचे साहेब येणार होते. पाहुणा येणार म्हणून वहिनीने आदल्या दिवशीच ओल आलेल्या भिंतीला रंग दिला! साहेबांनी ‘खोली राहण्यायोग्य’ असं लिहिलं आणि यादीतून आमचं नाव गळालं.

मी ऑफिसात गेले. साहेब म्हणाले, “काल गावाकडून आलात अन् आज घर पाहिजे? जुन्या लोकांचं आधी होऊ द्या.”

मी म्हटलं, “ओल काही माणूस नवा की जुना ते विचारत नाही. पुन्हा पाहणी ठरल्याशिवाय मी उठणार नाही.”

संध्याकाळी शिपाई हसत म्हणाला, “उठा ताई, सोमवारी येतेत साहेब.”

बाबांची पाठ कशी आहे? त्यांना सांग, पोरगी भांडखोर झालेली नाही, शिकलेलं वापरते आहे.

वहिनी आधी म्हणायची, “पोपडे दाखवायचे? लय लाज वाटायलीय.”  आज सकाळी उठून बघते, तर तीच बाळाला कडेवर घेऊन उलथन्याने रंग खरवडत होती.

म्हणाली, “येऊ द्या साहेबाला. ह्या बारीला चहा न्हाई, हात लावून ओल बघा म्हणते.”

तुझीच,
संघप्रिया