अक्रोड आणि माझी मान

ताशलुक, १२ जून १९८४

ति. हाजेरताईस,
नूहचा शि. सा. सलाम वि. वि.

आम्ही ठीक आहोत, म्हणजे जेमिले ठीक आहे. अंगणातला अक्रोड मी माझ्या हातानं लावला, हे गावाला माहीत आहे. खोड लावणाऱ्याच्या मानेएवढं झालं की लावणारा जातो, हेही. काल दोरीनं मोजलं. दोनच बोटं उरलीत! झाडाचा जोर कमी व्हावा म्हणून मी भोवती गच्च टोमॅटो लावले होते, ते जमिनीतलं सगळं ओढून घेतील म्हणून. पंधरा दिवसांत टोमॅटोच सुकून गेले. झाड कापू म्हटलं, तर जेमिले बायको असून म्हणते, कुऱ्हाडीला हात लावलात की जेवण बंद. असा शत्रू सांग, जो याला पुरून उरेल.

तुझा (अजून तरी असलेला) भाऊ,
नूह

कर्शेहिर, २० जून

चि. नूह यास अ. आ.

पत्र वाचून हसू आलं, मग तुझा चेहरा आठवला आणि आणखी हसू आलं. अरे, टोमॅटो, मिरची, बटाटा यांचं अक्रोडाशी कधीच पटत नाही. त्याच्या मुळांचा कडूपणा त्यांना सोसत नाही. घेवडा, कांदा, बीट मात्र सुखानं नांदतात. घेवड्याचं बी पाठवते. ते लाव, आणि ती दोरी चुलीत घाल. सत्तरीला आलास तरी मेंढीला घाबरणारा नूह तो नूहच.

तुझी काळजी वाहणारी,
हाजेर

ताशलुक, ३० ऑगस्ट

ति. ताईस शि. सा. सलाम.

ताई, तू मला मारलंस! घेवडा जोरात आला, पंधरा दिवस रोज खातोय. पण काल मास्तर सांगून गेले, घेवड्यानं जमिनीचा कस वाढतो, शेजारच्या झाडाला आयतं खत मिळतं. दोरी आणली. पुरी बसली, केसाचंही अंतर नाही. म्हणून घरोघर जाऊन माफी मागतोय. शेजारच्या दुरसुनला सांगितलं, सतरा वर्षं तुझ्या पाळीचं पाणी मीच वळवत होतो. जाणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, त्यानं माफ केलं. पण आता रोज कुंपणावरून विचारतो, कधी निघताय, नूहआगा? दहा तारखेला पुतण्या करवत घेऊन येतोय. जेवण बंद तर बंद.

तुझा,
नूह

कर्शेहिर, ४ सप्टेंबर

चि. नूह यास अ. आ.

करवत परत पाठव. तुला वाईट वाटेल म्हणून इतकी वर्षं बोलले नाही. तू पुरलेला अक्रोड दुसऱ्याच दिवशी कावळ्यानं उकरून नेला. तुझं तोंड बघवेना, म्हणून मी गुपचूप त्याच खड्ड्यात दुसरा पुरला. झाड माझं आहे. आणि माझी मान तुला ठाऊक आहे; तिला गाठायला त्या खोडाला वीस वर्षं लागतील. दुरसुनला सांग, बेत रद्द.

तुझी,
हाजेर

ताशलुक, ९ सप्टेंबर

ति. ताईस शि. सा. सलाम वि. वि.

करवत नको म्हणून कळवलं. दुरसुन तेव्हापासून बोलत नाही. जेमिले म्हणते, झाड लावलं त्या वर्षी तुझा पाय मोडला होता, तू गावाला आलीच नव्हतीस. तिला काय आठवतंय! पण ताई, वीस वर्षं कुठून काढलीस? मान मोजलीस का? गेल्या ईदला किती उतरलेली दिसत होतीस! अंदाजानं चालत नाही गं. मी सगळा घेवडा उपटला. पुढच्या आठवड्याच्या बसनं दोन डबे लोणी घेऊन येतोय, समोर बसून खायला घालणार. नाही म्हणू नकोस. रागवायला जेमिले आहे, पण मला हसणारं तुझ्याशिवाय आता कोणी उरलेलं नाही.

माया असू दे, आणि मी पोचेपर्यंत जेवत राहा.

तुझा भाऊ,
नूह