एका रात्रीपुरती सोडलेली खोली परत मिळणेबाबत

प्रति,
मा. सचिव साहेब,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, लातूर.

अर्जदार : गुलाम रसूल पिंजारी, धंदा गाद्या भरणे, राहणार लातूर (पत्ता खालच्या खोलीचा लिहावा की वरच्या बैठकीचा, हेच या अर्जाचे कारण आहे).

विषय : घरमालकाच्या समाधानासाठी एका रात्रीपुरती रिकामी केलेली खोली परत मिळणेबाबत.

संदर्भ : ‘ही बाब दिवाणी आहे’, असे पोलीस ठाण्यात मिळालेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. अर्जदार हा निवृत्त शिक्षक श्री. उद्धवराव रेणापूरकर यांच्या घरी, तळमजल्याच्या खोलीत, पत्नी जाहिदासह कित्येक वर्षांपासून किरायाने राहतो. करारनामा दरवेळी अकरा महिन्यांचा. सलग राहिलेल्या किरायादाराचा घरावर हक्क लागतो, असे कोणीतरी उद्धवरावांच्या डोक्यात भरवून दिलेले. म्हणून करार संपला की अर्जदाराने संध्याकाळी सगळे सामान वर त्यांच्या बैठकीत न्यायचे, खोली सोडल्याच्या कागदावर सही करायची, रिकाम्या खोलीचा फोटो निघायचा, भिंतींना चुना लागायचा आणि सकाळी नवा करार होऊन सामान पुन्हा खाली. उद्धवराव ओशाळून म्हणत, “रसूलभाई, राग मानू नका. तुमच्यावर इश्वास हाय, कायद्यावर न्हाई.” अर्जदारास राग कधी आला नाही. भिंती फुकटात पांढऱ्या होत, शिवाय उद्धवरावांच्या पत्नी सौदामिनीकाकू त्या रात्री सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढत.

२. यंदाही सगळे रीतसर झाले. फक्त पहाटे उद्धवरावांना अर्धांगवायूचा झटका आला. अर्जदारानेच त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेले. जीव वाचला, पण वाचा आणि उजवे अंग गेले. पुण्याहून चिरंजीव राघवेंद्र आले. त्यांनी चुना वाळलेली रिकामी खोली पाहिली, कागदावरची सही पाहिली आणि स्वतःचे कुलूप घातले. अर्जदाराने सगळी हकीकत सांगितली. ते शांतपणे म्हणाले, “काका, खोली सोडली असं तुम्हीच लिहून दिलंय. मी कुठं काढलं तुम्हाला?” जूनपासून तिथे शिकवणीची मुले ठेवायची असे ठरवून, किल्ली घेऊन ते पुण्यास गेले.

३. तेव्हापासून अर्जदार वरच्या बैठकीतच आहे. खाली राहत नाही, कारण तशी सही आहे. वर राहत नाही, कारण तसा करार नाही. पोलीस ठाण्यात द्यायच्या माहितीतही राघवेंद्रांनी ‘घरात भाडेकरू नाही’ असे कळवले आहे. जाहिदा आपला स्वयंपाक गच्चीवर करते. काकूंनी तसे कधी सांगितले नाही, पण दुसरीच्या ओट्याशी तिचा हात मोकळा होत नाही. ती रोज विचारते, “आपण किरायादार हाव का पाहुणे? तेवढं तरी साहेबाला इचारा.” दुसरीकडे खोली बघतो म्हटले की काकू रडतात : “तुम्ही गेलात तर ह्यांना सावरायला कोण हाय मला?” मुलाविरुद्ध बोलण्याची त्यांची छाती होत नाही, आणि अर्जदारास त्यांचा दोष वाटत नाही. अर्जदाराचा जीव मात्र थाऱ्यावर नाही. जेवताना, कापूस पिंजताना डोक्यात तेच.

४. आता तर हद्द झाली. त्या शिकवणीच्या मुलांच्या गाद्या भरून देण्याचे काम राघवेंद्रांनी फोनवरून अर्जदारासच सांगितले. “तुमच्यासारखं काम लातुरात कोणी करत नाही,” असेही वर म्हणाले. स्वतःच्या घरात दुसऱ्याचे अंथरूण घालून देण्याची जबाबदारी किरायादाराची असते काय, याचाही खुलासा व्हावा.

५. मुख्य गोष्ट पुढेच आहे. उद्धवराव घरी आल्यापासून रोज सकाळी भिंत धरून उठतात, डाव्या हाताने अर्जदाराची एखादी घागर किंवा पातेले उचलतात आणि पाय ओढत जिन्याकडे निघतात. कोणी अडवले की घशातून आवाज काढतात, डोळ्यांतून पाणी येते. राघवेंद्र म्हणतात, बाबांना आता समजत नाही. अर्जदाराच्या मते त्या घरात सगळे समजणारे तेवढेच एक आहेत.

६. तरी विनंती की, अर्जदारास प्राधिकरणातर्फे मोफत वकील मिळावा आणि राघवेंद्रांना समोर बोलावून समेट घडवावा. घर अजून उद्धवरावांच्याच नावावर आहे. अर्जदारास त्यावर हक्क नको. कुलूप उघडावे, एवढेच.

आणि अर्जदार खोली खरोखरच सोडून गेला असे कायद्याने ठरत असेल, तर आपल्या कार्यालयातील कोणीतरी सकाळी घरी येऊन उद्धवरावांना तसे सांगावे. अर्जदाराच्याने ते होत नाही. तो रोज जिन्यापाशी त्यांच्या हातातली घागर काढून घेतो आणि म्हणतो, “आज नको, सर. उद्या नेऊ.”

आपल्या बोलावण्याची वाट पाहणारा,
गुलाम रसूल पिंजारी
लातूर, दि. १२ मे २०२५

सोबत : जुने करारनामे, बैठकीतील सामानाचा फोटो. (रिकाम्या खोलीचा फोटो राघवेंद्रांकडे आहे.)