फाटकाबाहेर निवलेलं कालझोने

फ्रीमँटल, रविवार दुपार

चिरंजीव कोर्राडो यास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. (तुझ्या वयाला चिरंजीव शोभत नाही हे मला कळतं, पण तुझं शेंबडं नाक मी पुसलेलं आहे, त्यामुळे मरेपर्यंत तू चिरंजीवच.) तुझे गुडघे कसे आहेत? बोट कशी आहे? आणि तो म्हातारा कुत्रा? तिघांची चौकशी एकदम करते, कारण पोर्ट लिंकनहून इकडे न येण्याची तुझी कारणं हीच तीन. आधी बोट होती, मग कुत्रा आला, आता गुडघे. मी फोनवर "ये" म्हटलं की तू "बघू" म्हणतोस. आपण सायकल मागितल्यावर पप्पांनी "बघू" म्हटलं होतं, तेव्हापासून आपल्या घरातल्या "बघू"चा अर्थ मला पाठ आहे. मी बरी आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पण ऐकण्यासारखं बोलतंय कोण?

बातमी अशी, की आपल्या टेसचं लग्न ठरलं. मुलाचं नाव कॅलम. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि जेवताना दुसऱ्यांदा मागून घेतो, म्हणजे घराणं चांगलं असावं. (माझ्या लेकाला, डॉमिनिकला, जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्याच्या लेकीच्या लग्नाची बातमी सांगायला मी आधी त्यालाच हाक मारायला वळले.) मी टेसला विचारलं, लग्न कुठल्या चर्चमध्ये? तर कार्टी म्हणते, "आजी, तुरुंगात." मी उजवा कान पुढे केला. तिथेही तुरुंगच ऐकू आला. म्हटलं, अगं, तुझे पूर्वज मोल्फेत्ता गावाहून समुद्र ओलांडून इकडे आले ते काय नातीपणतींनी तुरुंगात लग्न लावावं म्हणून? तर म्हणे, "आजी, आता तिथे कैदी नसतात. आत चॅपल आहे, अंगण आहे, लोक हौसेने लग्नं लावतात." चांगल्या घरातली माणसं तुरुंगात जायला पैसे भरतात, असे दिवस आले आहेत बाबा.

मग तिने मला जागा दाखवायला नेलं, आणि तिथे माझी जी फजिती झाली ती ऐक. सकाळी उठून मी पीठ मळलं, कांदा परतला, मासा आणि काळी ऑलिव्ह घातली, कालझोने भाजलं आणि फडक्यात गुंडाळून पिशवीत घातलं. का, ते विचारू नकोस. तुरुंगाच्या त्या चढावर रिकामं जायची माझ्या हातांना सवयच नाही. फाटकाशी तिकीटवाली मुलगी बसली होती. मी तिच्यासमोर पिशवी ठेवली, फडकं सोडलं आणि गपचूप उभी राहिले. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे बघतेय, मागे रांग खोळंबलेली. टेस कानाशी येऊन म्हणाली, "आजी, काय चाललंय तुझं?" काय चालायचंय? कुणी "नाही" म्हणायची वाट बघत होते.

तुला हे कधी सांगितलं नाही. तू आत होतास तेव्हा भेटीच्या दर रविवारी मी तुझ्यासाठी कालझोने घेऊन यायचे. फाटकावर तो लाल मिशांचा पहारेकरी असायचा. तो म्हणायचा, "बाई, बाहेरचं खाणं आत जात नाही, किती वेळा सांगू?" मी म्हणायचे, पुढच्या रविवारी परत सांगा. मग तुला भेटून बाहेर आले की भिंतीच्या सावलीत बसून एकटीच खायचे. (म्हणूनच त्या काळात मी फुगले. मम्मा पावाला दोष द्यायची.) तुला वाटत असेल, नुन्झिया हात हलवत येते. तसं नव्हतं रे. आणि काल ती तिकीटवाली, टेसच्याच वयाची पोरगी, वाकून वास घेत म्हणाली, "आजी, काय घमघमाट सुटलाय! घेऊन जा की आत." एवढंच म्हणाली. मी तिथेच रडायला लागले. रांगेतल्या लोकांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एकाने तर सरबतही आणलं. कुणा जन्मठेपवाल्याची विधवा असेन असं त्यांना वाटलं असणार.

आत ग्लेनिस नावाची बाई सगळं दाखवत होती. इथे खुनी होते, इथे दरोडेखोर होते, असं चवीचवीने सांगून झाल्यावर तिने विचारलं, कुणाचे नातेवाईक होते का इथे? टेसने माझा हात घट्ट धरला. मी दुसरा वर केला. ग्लेनिसचा चेहरा उजळला. "काय केलं होतं त्यांनी?" मी म्हटलं, माझ्या भावाने मासेमारी खात्याच्या इन्स्पेक्टरला धक्क्यावरून पाण्यात ढकललं. मग त्याला पोहता येत नाही असं दिसल्यावर स्वतःच उडी मारून वर काढलं, आणि पोलीस येईपर्यंत त्याच्या पोटातलं पाणी काढत बसला. न काढता पळाला असता तर ढकललं कुणी हे कुणाला कळलं नसतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कोर्राडो, सगळे हसले, आणि मग टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं तू ज्या गोष्टीपायी तोंड लपवून बसलास तिला लोक टाळ्या वाजवतात. मम्माने बाजारभर सांगितलं होतं की तू ब्रूमला मोत्यांच्या बोटीवर गेलायस. झाकली मूठ सव्वा लाखाची! सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. मासळीवाल्या बायका तोंड सरळ ठेवून विचारायच्या, "काय, पाठवले का मोती?" आणि जाताना मम्माच्या टोपलीत एक मासा जास्तीचा टाकायच्या. तुला कुणी वाईट म्हटलं नाही रे. एकटा तूच म्हणत बसलास.

मग मी ग्लेनिसला म्हटलं, मला एका कोठडीत बसव आणि दार लाव. नको नको म्हणत लावलं तिने. हात पसरले तर दोन्ही भिंती लागल्या. तू एवढा ताडमाड, तिथे पाय कसे लांब करत होतास? मला तुझी फार माया आली. म्हणून मी पिशवीतून कालझोने काढलं, एक तुकडा तुझ्या नावाने खाटेवर ठेवला आणि एक स्वतः खाल्ला. तेवढ्यात दार उघडलं. कोठडीत खायला बंदी आहे म्हणे. तुझ्यानंतर आपल्या घरात त्या भिंतींच्या आत गुन्हेगार ठरलेली मीच. (मुद्देमाल ग्लेनिसने मागून घेतला आणि अंगणात खाल्ला. कांदा परतायला किती वेळ लागतो, ते मला विचारत होती.)

बरं, पत्र लांबलं. दुपारचं वारं सुटलंय, वाळत घातलेले कपडे उडताहेत. गुडघ्यांना गरम तेल लाव. कुत्र्याला पाव घालू नकोस.

तुझी,
नुन्झिया

ता. क. मी तुला लग्नाला बोलावत नाहीये. मी काही बोलले का? तारीख फक्त माहितीसाठी: मार्चचा दुसरा शनिवार. तेवढे दिवस कुत्र्याला सांभाळायला घर बघून ठेवलंय, तेही माहितीसाठी.

ता. क. दुसरा. टेसचं म्हणणं, चॅपलपर्यंत हात धरून न्यायला तिला तूच हवा आहेस. डॉमिनिक तिला लहानपणी तुझी गोष्ट सांगायचा, आणि शेवटी म्हणायचा, ढकलणारे पुष्कळ भेटतील, मागोमाग उडी मारणारा एखादाच. तू आला नाहीस तर ती एकटी चालेल, पण उजवी बाजू मोकळी ठेवून. मी पोरीला "बघू" म्हटलंय. या वेळी तरी आपल्या घरातल्या "बघू"चा अर्थ "हो" होऊ दे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तू सुटलास त्या सकाळीही मी कालझोने घेऊन फाटकाबाहेर उभी होते. तू आधीच बाहेर पडून पूर्वेकडची गाडी धरली होतीस. ते निवेपर्यंत मी थांबले, आणि निवल्यावरही थांबले. मी रागावले नव्हते. (रागावले होते. आता नाही.) लग्नाचं खाणं घरून आणलं तर चालेल का, असं मी विचारून ठेवलंय; चालतं म्हणाले. म्हणून या वेळी मी आत असेन, गरम कालझोने घेऊन. फाटकातून तू ये.