घुमारा काढताना

सोमवार, ३ फेब्रुवारी

चर्चमध्ये आज फुगे फोडले! मेहुण्याने — तो कमिटीचा चिटणीस — आवाजाचा कोणी जाणकार धरून आणलाय. पोरगेलासा माणूस. मधल्या वाटेत उभा राहून फुगे फोडतो, टाळ्या वाजवतो आणि हातातल्या यंत्राकडे बघत बसतो. मी त्याचं नाव टाळीबहाद्दर ठेवलंय. म्हणे, टाळी विरायला चार सेकंद लागतात. "आवाज कमी नाहीये काका, घुमारा आहे. भिंतींवर आपटून फार फिरतो. एक शब्द संपायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो."

मेहुणा लगेच — "म्हणूनच तर वाचन कुणाला कळत नाही."

वाचन! उपदेश नाही, गाणी नाही. वाचन. सत्तावीस वर्षं दर रविवारी शास्त्रपाठ मी वाचतोय. रोख कुणावर आहे हे कळायला मला जाणकार लागत नाही.

बुधवार, ५

कमिटीची सभा. मागच्या भिंतीला जाड कापडाचे तक्ते, मधल्या वाटेत गालिचा, बाकांवर गाद्या. समोरचा मोठा भोंगा काढून खांबाखांबावर छोटे स्पीकर. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि बायको उठून म्हणाली, "कशाला हवंय हे सगळं? इतकी वर्षं चाललंच ना?"

बायको! भावाच्या शब्दाबाहेर जी कधी गेली नाही, ती भर सभेत त्याच्या विरोधात! मेहुणाही चिडला नाही. "ताई, आपण बोलू नंतर," एवढंच म्हणाला. काय बोलणार आहेत नंतर?

घरी विचारलं. "मला आपलं वाटलं, बोलले," म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. कुठेतरी पाणी मुरतंय.

गुरुवार, ६

मेहुणा घरी आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच — "भाऊजी, डोळे तपासलेत का एवढ्यात?"

तपासायचे कशाला? मी पुस्तकात बघतच नाही. शनिवारी संध्याकाळी पाठ दोनदा वाचतो, रविवारी तोंडपाठ म्हणतो. पुस्तक समोर उघडं असतं ते शोभेला. या चर्चमध्ये दुसरं कोणी करून दाखवावं! तसं त्याला सुनावलं. तर बायको स्वयंपाकघरातून, "एखाद्या वेळी बघून वाचलं तर काय बिघडतं हो?"

दोघं मिळून सुरू झालेत. वाचनाची जागा गेली तर माझ्याजवळ काय राहिलं? दुकान मुलाने घेतलं, कमिटी मेहुण्याने. रविवारची ती दहा मिनिटं तेवढी माझी आहेत.

रविवार, ९

वाचलं. उत्तम. उपासना संपल्यावर पाळक दारात हात हातात घेऊन म्हणाले, "तब्येतीला जपा." का? माझ्या तब्येतीला काय झालंय?

मंगळवार, ११

तक्ते लागायला सुरुवात झाली. बायको म्हणाली, फुलदाणीतलं पाणी बदलून येते. पाणी बदलायला पाऊण तास? मीही निघालो. बाजूच्या दाराने आत शिरलो तर ही पुढच्या बाकाशी उभी, आणि टाळीबहाद्दर शिडीवर.

ती म्हणत होती, "पुढच्या बाजूला राहू द्या की थोडा घुमारा. सगळाच कशाला काढताय?"

तो — "बाई, तिथे ठेवला तर काम केलं न केलं सारखंच."

मला बघितल्यावर दोघं गप्प! फुलदाणी तशीच, पाणी गढूळच. म्हटलं, बघू या कुठवर जातात.

बुधवार, १२

फुलदाणीतलं पाणी मीच बदलून आलो.

शुक्रवार, १४

काम संपलं. टाळीबहाद्दराने मला बोलावून टाळी वाजवायला लावली. वाजवली. टाळी जागच्या जागी मेली! उशीवर थाप मारल्यासारखी. तो खूश. "आता तुमचा श्वाससुद्धा शेवटच्या बाकापर्यंत जाईल, काका." पोरगं वाईट नाही खरं. पण वापरून घेणारे दुसरेच आहेत.

शनिवार, १५

सापडलं! कपाटाची किल्ली शोधताना बायकोच्या पर्समध्ये कागद मिळाला. उद्याचा शास्त्रपाठ, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तिच्या अक्षरात. मोठ्या मोठ्या अक्षरात. काही वचनांखाली लाल रेघा. मागे गेल्या रविवारच्या पाठाचाही कागद, त्याच्या मागे त्याच्या आधीचा. सराव चाललाय! म्हणजे माझ्या जागी परका कोणी नाही, हीच उभी राहणार. म्हणूनच ती भावाशी कुजबुज, म्हणूनच डोळे तपासा, तब्येतीला जपा.

राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. सरळ मागितली असती तर दिली नसती का जागा? नसती दिली बहुतेक. पण विचारायचं तरी!

कागद होता तिथे ठेवला. उद्या असं वाचतो की पुन्हा कोणाची हिंमत होणार नाही.

रविवार, १६

घुमारा गेला. शब्द न् शब्द सुटा. सहाव्या वचनावरून मी आठव्यावर गेलो — मला कळलंही नाही. सातवं पहिल्या बाकावरून आलं. बायकोच्या आवाजात, सवयीने, खणखणीत. मग तिने एकदम तोंडावर हात ठेवला.

मी खाली पुस्तकात पाहिलं. सातवं वचन होतं तिथे. इतकी वर्षं मला वाटायचं, माझाच आवाज फिरून येतोय.

अख्ख्या चर्चमध्ये एकानेही मान वळवून तिच्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.