चार नंबरच्या मागावरची सहावी मॅट

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
हातमाग विणकाम केंद्र

विषय : माग क्रमांक चार नादुरुस्त नसल्याबाबत व त्यावरची अर्धी मॅट न कापण्याबाबत.
संदर्भ : माझ्या बायकोच्या नावे आलेली आपली नोटीस.

महोदय,

वरील मागावर माझी बायको ताटाखाली घालायच्या रंगीत नक्षीच्या मॅट विणत असे. ती मागच्या महिन्यात वारली. आपली नोटीस सांगते की माग नादुरुस्त आहे, सबब त्यावरचा माल कापून माग मोकळा करण्यात येईल. हरकत असल्यास विणकराने समक्ष हजर राहून खुलासा करावा. विणकर हजर राहू शकत नाही, हे मी दाखला जोडून दोनदा कळवले. दोन्ही वेळा उत्तरादाखल तिच्याच नावाने तीच नोटीस आली. म्हणून खुलासा मी करतो.

१. माग धडधाकट आहे. तिचा उजवा गुडघा वाकत नव्हता. म्हणून मी मागाखाली उताणा पडून, पायाने दाबायच्या सगळ्या पट्ट्या डाव्या पायाच्या सोयीने बांधून दिल्या. आपण तिथे नवी मुलगी बसवली. तिने सवयीने दोन्ही पाय चालवले आणि नक्षी विसकटली; त्या ओळी नंतर उसवल्या. दुसऱ्याची चप्पल चावली म्हणून चप्पल नादुरुस्त ठरत नाही.

२. हेच सांगायला आलो तर आपले बाबू म्हणाले, "काका, बाई गेल्या. आता माग काय त्यांच्यासोबत पाठवायचा होता?" खोलीतले सगळे हसले. मी म्हटले, "माग राहू दे बाबा, कात्री तेवढी लांब ठेव." त्यावर ते म्हणाले, "हरकत विणकराचीच लागते. त्यांनाच पाठवा." साहेब, हे बोलताना त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

३. ती जन्मभर दुसऱ्यांच्या टेबलांसाठी विणत आली. आमच्या टेबलावर आम्ही रद्दी अंथरून जेवलो. केंद्र विणकराला घरासाठी एक संच विणू देते, तो तिने यंदा पहिल्यांदा लावला. सूत आमचे आहे. पिवळ्यावर निळे डोंगर, मधे लाल ठिपका. मी म्हटले, "आपण दोघं, सहा कशाला?" ती म्हणाली, "माणसं काय सांगून येतात?" पाच झाल्या. सहावी अर्ध्यावर असताना माणसे आली, पण जेवायला नाही.

४. माझी मेहुणी शेजारच्या मागावर बसते. ती डाव्या पायाने विणायला तयार आहे. कोणती पट्टी कधी दाबायची ते मी बाजूला उभा राहून सांगेन. दोऱ्या मीच बांधल्या, मला पाठ आहे. आम्हाला एक दुपार द्या. नंतर मी स्वतः मागाखाली जाऊन सगळ्या गाठी सोडून देईन. मग माग कोणालाही द्या.

हे मंजूर नसेल तर कात्री घेऊन आपण स्वतः यावे, बाबूंना पाठवू नये. कापड मी ताणून धरीन. वाकडे कापलेले तिला चालत नसे.

आपल्या उत्तरासाठी मागाशेजारी बसून असलेला,
चार नंबरच्या विणकरणीचा नवरा

(सही)
दिनांक : नोटिशीची मुदत संपण्याआधीचा दिवस

सोबत :
१. मृत्यूचा दाखला, तिसऱ्यांदा.
२. आपली नोटीस, मूळ प्रत. ती तिच्या नावाची आहे. तिला देता आली नाही, म्हणून परत.