कार्डावरचं नाव

११ मार्च, मंगळवार
सकाळी ७.४०

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. मी बरी आहे, आई बरी आहे, बाबांचा गुडघा तेवढा कुरकुरतो. तुझा पत्ता आत्याने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिला तीन दिवस पिडलं. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद.  

दादा, सापडलं! बाबांचं कार्ड कुणी चोरलं ते सापडलं, आणि माझ्याकडे त्याचा पुरावा आहे.

क्रमाने सांगते, नाहीतर मीच गोंधळेन. एखाद्या कंपनीत डिजिटल चोरी झाली की नेमकं काय गेलं ते शोधायला आम्हाला बोलावतात. अकरा जणांचं ऑफिस, दोन खिडक्या, एक कायम बिघडलेलं कॉफीचं मशीन. मागच्या आठवड्यात काम आलं ते त्या गेमच्या कंपनीचं. हो, तोच गेम, ज्यात तू जेवणाचं ताट बाजूला ठेवून लढायचास. पाच वर्षांपूर्वी चोर त्यांच्या सर्व्हरमध्ये शिरले होते. तेव्हा कंपनीने जाहीर केलं की नावं आणि पासवर्ड गेले, कार्डं सुरक्षित आहेत. आता एक यादी विकायला आली आहे. तीत कार्डंच कार्डं आहेत. ती खरी की बनावट, हे आम्ही ठरवायचं.

आमची एक पद्धत आहे. ज्या ओळींत नाव नावासारखं दिसत नाही, त्या आधी बाजूला काढायच्या. बनावट यादी करणारा माणूस नीटनेटकी नावं टाकतो, वेडीवाकडी नावं फक्त खरी माणसं लिहितात. तशा ओळी काढल्या, तर 'चॉकलेट', 'कुणीतरी', 'तुझा बाप' असली रत्नं निघाली. मी हसत होते. मग एक ओळ आली आणि हसू गेलं.

शेवटचे चार आकडे बाबांच्या कार्डाचे होते. त्या दिवशी टेबलावर स्टेटमेंट ठेवून त्यांनी ते तीनदा मोठ्याने वाचले होते, विसरणार कसे? खाली आपल्या घराचा पत्ता. नंतर ऑफिसातल्या बाकीच्यांनी ती यादी कंपनीच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिली, ओळ न् ओळ जुळली. चोरांनी आधी किरकोळ खरेदी करून कार्ड चालतंय का ते पाहिलं, मग तीन दिवसांत गेममधली नाणी विकत घेऊन बाहेर विकली. स्टेटमेंटवर गेमचं नाव आलं, घरात गेम खेळणारा तू, आणि बाबांनी हिशेब तिथेच संपवला.

तू घेतलं नव्हतंस. आता हे कागदावर आहे.

ती ओळ दिसताच खुर्चीतून उठून मी थेट आमच्या मॅडमकडे गेले होते. ओळखीच्या माणसाची नोंद निघाली तर लगेच सांगायचं आणि त्या कामातून बाजूला व्हायचं, असा नियम आहे.

"वडिलांचं? खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"हो. आकडे, मुदत, पत्ता, सगळं."

"आणि हे काय नाव आहे? असलं कोण भरतं गं?"

नावाचं मी वर टाळलं, दादा. लिहिताना दोनदा त्या जागेवर आले आणि पुढे सरकले. नावाच्या रकान्यात 'इन्स्पेक्टर चिमणी' होतं.

हे नाव जगात दोघांनाच माहीत आहे. तू ठेवलंस, कारण मी तुझे खिसे, दप्तर, डबा सगळं तपासायची.

"मी भरलं," मी म्हटलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं.

मला त्या गेममधला निळा घोडा हवा होता. बाबा आंघोळीला गेले होते, पाकीट टेबलावर होतं. एकच खरेदी, इतकी लहान की कुणाच्या लक्षात आली नाही. पण कार्ड तिथे साठून राहिलं आणि चोरांना मिळालं. म्हणजे पुरावा तुला सोडवतो तो माझं नाव सांगूनच.

त्या दिवशी बाबांनी मला विचारलं होतं, "याला कार्ड घेताना पाहिलंस का?" मी म्हणाले, "मी पाहिलं नाही." शब्द न् शब्द अचूक होता. तुला वाचवायला जे वाक्य हवं होतं, ते मी बोललेच नाही. घर सोडून जायला तू बॅग भरत होतास तेव्हा मी दारात उभी राहून तुझे मोजे जोडीने लावून देत होते.

रविवारी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मी घेतलं नाही, असं त्याने सांगितलं होतं मला. चार वेळा." आई आतून म्हणाली, "पाच वेळा." त्यानंतर ते माझ्याशी दोन दिवस बोललेले नाहीत. ते योग्यच आहे.

पण काल संध्याकाळी त्यांनी तुझी सायकल बाहेर काढली, चाकांत हवा भरली, साखळीला तेल दिलं. दुखरा गुडघा टेकवून! आत्ता हे लिहिताना दारात येऊन उभे राहिले आणि गेल्या दोन दिवसांतलं पहिलं वाक्य बोलले: "लिहून झालं का? पुढच्या रविवारी मी त्याच्याकडे जाणार म्हणून लिही. दार उघडलं नाही तर बाहेर बसेन." हे बाबा म्हणाले, दादा! मी दोनदा विचारून खात्री केली.

मला बरोबर यायचं आहे. पण ते तू ठरव. नको म्हणालास तर येणार नाही, आणि कारणही विचारणार नाही.

एकच विचारते. तेव्हा तू माझा निळा घोडा पाहिला होतास. "कुठून आला गं?" म्हणालास, मी "बक्षीस" म्हणाले, आणि तू माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलंस. तुला तेव्हाच कळलं होतं का?

कळलं असेल, तर ते तू बाबांना पाचही वेळा सांगितलं नाहीस.

तुझी गुन्हेगार,
इन्स्पेक्टर चिमणी